थुंकी, भिंत आणि डोळ्यांतलं पाणी

कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये चार-पाच हजार लोकांच्या देखत मी रडलो. डोळे पाणावले, कंठ दाटून आला वगैरे साहित्यिक प्रकार नव्हे. चांगला नाक ओढत रडलो. शेजारच्या खुर्चीतल्या एका गोऱ्या आजोबांनी काही न बोलता टिशू पुढे केला. बघतो तर त्यांचंही नाक लाल!

पुण्याला परत आल्यावर ऑफिसात चहाच्या वेळी हे सांगितलं. टीममधला एक जण म्हणाला, "अरे, पण तो तुझा बँडसुद्धा नव्हता. एक म्हातारा गिटार वाजवत होता, त्यात काय रडायचं?"

मुद्दा बरोबर होता. त्या रात्री स्टेजवर पिंक फ्लॉईड नव्हता. त्यातला एक होता, डेव्हिड गिलमोर, वय वर्षं ७८. बाकीचे कुठे गेले, हा प्रश्न चहाच्या एका कपात सुटणारा नाही. म्हणून हा शनिवार त्यासाठी.

*

मला या बँडची ओळख दादाने करून दिली. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता. बीकेसीतल्या एमएमआरडीएच्या मैदानावर त्याचा कार्यक्रम होता. दादा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. काकूला 'मित्राकडे सबमिशन आहे' असं सांगून तो मुंबईला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुळीने माखून परत आला. मी नऊ वर्षांचा होतो. त्याचे डोळे सुजलेले दिसले म्हणून विचारलं, "दादा, तुला कुणी मारलं का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही रे, मोठा झालास की कळेल."

मोठा होईपर्यंत मात्र आमच्या घरात वेगळंच घडलं. वाईच्या घराच्या वाटणीवरून बाबा आणि काका कोर्टात गेले. दोघं सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले. तारखा पडत गेल्या, बोलणं बंद झालं. दिवाळीचं फराळाचं ताट इकडून तिकडे जायचं, तेही थांबलं. माझं आणि दादाचं भांडण कधीच झालं नाही. पण घरं बोलत नसली की मुलांचंही बोलणं हळूहळू आटतं. दादा नोकरीसाठी इंग्लंडला गेला. माझ्याकडे राहिला त्याचा जुना कॉम्प्युटर आणि त्यातला 'फ्लॉईड' नावाचा फोल्डर.

हे सगळं का सांगतोय ते शेवटी कळेल. आता इतिहास.

*

१९६२ च्या सुमाराची गोष्ट. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला आलेली तीन पोरं भेटली : रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिक राइट. आर्किटेक्चरमध्ये कुणालाच फारसा रस नव्हता. (आपल्यापैकी किती जणांना मेकॅनिकलमध्ये होता?) त्यांना येऊन मिळाला केंब्रिजचा सिड बॅरेट. देखणा, चित्रं काढणारा, विलक्षण गाणी लिहिणारा. पिंक अँडरसन आणि फ्लॉईड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांचे तुकडे जोडून बँडचं नाव केलं त्यानेच.

पण दोन वर्षांत सिड हातातून निसटायला लागला. एलएसडीमुळे की मुळातच मन आजारी होतं म्हणून, यावर अजून वाद चालतात. स्टेजवर तो नुसता उभा राहायचा, नाहीतर एकच सूर वाजवत बसायचा. शेवटी मदतीला केंब्रिजचाच जुना मित्र गिलमोर याला घेतलं. आणि जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना गाडीत विषय निघाला, सिडला घ्यायला जायचं का? जाऊ दे, असं ठरलं. बस्स. ना मीटिंग, ना राजीनामा. ज्याने बँडला नाव दिलं त्याला घ्यायला गाडी वळलीच नाही.

ती न वळलेली गाडी या लोकांच्या मनात कायम फिरत राहिली, असं मला वाटतं. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' ने त्यांना अफाट यश दिलं. १९७३ ते १९८८ या काळात ही रेकॉर्ड अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण ७४१ आठवडे होती. पण त्यानंतर जून १९७५ मध्ये, अ‍ॅबी रोड स्टुडिओत सिडवरच लिहिलेल्या गाण्याचं काम चालू असताना, एक जाडजूड माणूस आत आला. डोक्यावर केस नाहीत, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर वॉटर्स रडला.

म्हणजे या गोष्टीतलं पहिलं रडणं श्रोत्यांचं नाही, खुद्द बँडचंच आहे.

*

आता थुंकीकडे येऊ.

यश वाढलं तशी मैदानं वाढली. हॉलमधून स्टेडियममध्ये. पूर्वी अंधारात शांत बसून ऐकणारे लोक होते. आता पाऊण लाखाच्या गर्दीत फटाके फुटायचे, आरडाओरडा चालायचा आणि गाणं सुरू व्हायच्या आत लोक त्यांच्या आवडीच्या गाण्याची फर्माईश ओरडून करायचे. वॉटर्स चिडत गेला. ६ जुलै १९७७, माँट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम, दौऱ्याचा शेवटचा दिवस. समोर एक चाहता ओरडत, धडपडत स्टेजकडे चढू पाहत होता. वॉटर्स त्याच्या तोंडावर थुंकला.

तो पोरगा काय शत्रू होता? तो बँडवर प्रेमच करत होता, फक्त त्याला ते करायची रीत माहीत नव्हती. नंतर स्वतःच्याच या वागण्याने वॉटर्स हादरला. आपण असे कसे झालो? आपल्यात आणि समोरच्या माणसांत भिंतच आहे की! मग ती खरोखरचीच बांधून दाखवू.

इथे मात्र या आर्किटेक्चरच्या अर्धवट विद्यार्थ्याला मानलं पाहिजे. मनात आलेल्या रूपकाचा त्याने थेट प्रोजेक्ट प्लॅन केला. नोव्हेंबर १९७९ मध्ये 'द वॉल' ही रेकॉर्ड आली. तिचा नायक पिंक, लढाईत बाप गमावलेला गायक, एकेक वीट रचत स्वतःला कोंडून घेणारा. वॉटर्सचे वडीलही १९४४ मध्ये इटलीत आंझिओच्या लढाईत गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. १९८० आणि ८१ मध्ये लॉस एंजलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड या चारच ठिकाणी मिळून ३१ प्रयोग झाले. कार्यक्रम चालू असताना कामगार पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या विटा रचत जायचे. मध्यंतरापर्यंत सुमारे चाळीस फूट उंच भिंत पूर्ण व्हायची आणि बँड तिच्यामागे दिसेनासा व्हायचा. लोकांनी पैसे मोजून भिंत बघायची! उत्तरार्धात 'कम्फर्टेबली नम्ब' या गाण्याला अंधारातून अचानक गिलमोर भिंतीच्या माथ्यावर उगवायचा आणि तिथून गिटार वाजवायचा. शेवटी भिंत कोसळायची.

पण ती स्टेजवरची. खरी भिंत त्याच वेळी चौघांत उभी राहत होती. रेकॉर्डिंगच्या दरम्यानच वॉटर्सने रिक राइटला बँडमधून काढलं होतं. राइटने हे प्रयोग पगारी वादक म्हणून केले. गंमत बघा, इतक्या खर्चिक प्रयोगांत बँड तोट्यात गेला आणि पगारावर असलेल्या राइटलाच काय ते पैसे सुटले. (कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या मित्रांनी इथे हसून घ्यावं.) १७ जून १९८१ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये चौघं शेवटचे एकत्र वाजले. त्या रात्री तिथे असलेल्या कुणालाही हे शेवटचं आहे याची कल्पना नसणार. शेवटच्या गोष्टी तशाच होतात. वाईला आम्ही सगळे एकत्र जेवलो ती शेवटची पंगत कुठली, हे मला आज आठवत नाही.

*

१९८५ च्या डिसेंबरमध्ये वॉटर्स बाहेर पडला. त्याचं म्हणणं, मी नाही तर बँडही नाही. गिलमोर आणि मेसनचं म्हणणं, आम्ही चालवणार. १९८६ मध्ये प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं आणि १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली. नाव गिलमोर-मेसनकडे, 'द वॉल' च्या प्रयोगाचे हक्क वॉटर्सकडे. हवेत उडणाऱ्या फुगवलेल्या डुकराचे हक्क कुणाचे, यावरसुद्धा वाटाघाटी झाल्या. हसू नका. आमच्याकडे पितळेच्या एका घंगाळ्यावरून झाल्या आहेत.

त्यानंतर अठरा वर्षं दोन्ही बाजू शांतपणे एकमेकांची वाट बघत बसल्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आपण डेडलॉक शिकलो. एक प्रोसेस दुसरीने काहीतरी सोडावं म्हणून थांबलेली, दुसरी पहिलीने सोडावं म्हणून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि काम कायमचं ठप्प. आपोआप काहीच सुटत नाही. बाहेरून कुणीतरी हात घालावा लागतो.

तो हात घातला बॉब गेल्डॉफने. १९८५ चा 'लाइव्ह एड' त्यानेच उभा केला होता. आता २००५ मध्ये, स्कॉटलंडला होणाऱ्या जी-८ परिषदेच्या तोंडावर, आफ्रिकेतल्या गरिबीकडे लक्ष वेधायला 'लाइव्ह ८' करायचं होतं. त्याने गिलमोरला फोन केला. गिलमोर नाही म्हणाला. गेल्डॉफ ट्रेनमध्ये बसून त्याच्याकडे निघाला. गिलमोरने वाटेतच मोबाइलवर गाठून सांगितलं, येऊ नकोस. हा गेलाच. तरी उत्तर नाहीच. मग मेसनमार्फत वॉटर्सपर्यंत निरोप गेला, आणि वॉटर्सने स्वतः गिलमोरला फोन लावला. गिलमोरने एक दिवस विचार केला आणि हो म्हणाला.

योगायोग असा की 'द वॉल' वर १९८२ मध्ये चित्रपट निघाला, त्यात भिंतीत स्वतःला कोंडून घेणाऱ्या पिंकचं काम केलं होतं याच बॉब गेल्डॉफने! पडद्यावर भिंतीत अडकलेल्या माणसानेच तेवीस वर्षांनी खऱ्या भिंतीला सुरुंग लावला.

२ जुलै २००५. लंडनचं हाइड पार्क, सुमारे दोन लाख माणसं. रात्री अकराच्या सुमाराला अंधारात हृदयाचे ठोके ऐकू यायला लागले आणि चौघं स्टेजवर आले. चोवीस वर्षांनी. 'ब्रीद', 'मनी', 'विश यू वेअर हिअर', 'कम्फर्टेबली नम्ब'. सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या आत.

याचं चित्रीकरण मी पन्नासेक वेळा तरी पाहिलं असेल. 'विश यू वेअर हिअर' च्या आधी वॉटर्स माइकवर बोलतो. इतक्या वर्षांनी या तिघांबरोबर उभं राहताना भरून येतंय, आणि हे आम्ही इथे नसलेल्या सगळ्यांसाठी करतोय, विशेषतः सिडसाठी, अशा अर्थाचं. कॅमेरा गर्दीवर फिरतो. पन्नाशीचे टकले बाप्ये रडताहेत. ज्यांचा जन्म १९८१ नंतरचा, अशी पोरंही रडताहेत. २००५ मध्ये ज्याच्या चेहऱ्यावर हे पाणी होतं तो श्रोता आणि १९७७ मध्ये ज्याच्या चेहऱ्यावर थुंकी होती तो श्रोता, एकाच जातीचे. मधल्या अठ्ठावीस वर्षांत श्रोता बदललाच नव्हता. भिंत वरच्यांनी बांधली होती, खालचा तिथेच उभा होता.

शेवटी गिलमोर हात हलवून निघून चालला होता. वॉटर्सने त्याला खुणेने परत बोलावलं. चौघांनी खांद्यांवर हात टाकले. गिलमोर जरा अवघडलेला दिसतो, आणि मला तोच भाग जास्त खरा वाटतो. वीस वर्षांचं भांडण पंचवीस मिनिटांत संपत नसतं. फक्त ते बाजूला ठेवता येतं, इतकं सिद्ध होतं.

*

पुढचं भराभर सांगतो, कारण काळही तसाच भराभर गेला. कार्यक्रमानंतर आठवड्यात त्यांच्या जुन्या गाण्यांच्या संग्रहाची विक्री ब्रिटनमध्ये हजार टक्क्यांहून जास्त वाढली. गिलमोरने जाहीर केलं की या कार्यक्रमामुळे झालेला नफा आपण दान करणार. दौऱ्यासाठी प्रचंड रकमा देऊ केल्या गेल्या, त्या त्यांनी नाकारल्या. पुन्हा कधीतरी बघू, असं चाहत्यांना वाटत राहिलं.

७ जुलै २००६ ला केंब्रिजमध्ये सिड गेला. १५ सप्टेंबर २००८ ला कॅन्सरने रिक राइट गेला. खलास. 'पुन्हा कधीतरी' ची फाइल कायमची बंद.

मे २०११ मध्ये लंडनच्या ओटू अरीनात वॉटर्सच्या 'द वॉल' ला गिलमोर एका रात्रीपुरता पुन्हा भिंतीवर चढला. भिंत पडल्यावर मेसनही येऊन बसला. तिघं होते, चौथ्याची जागा रिकामी. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गिलमोरची बायको पॉली सॅमसन हिने वॉटर्सवर राजकारणावरून जाहीर तोफ डागली, गिलमोरने तिच्या शब्दाला दुजोरा दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँडच्या रेकॉर्डिंगचे हक्क सोनीला सुमारे ४० कोटी डॉलर्सना विकले गेल्याची बातमी आली. ऐंशीला टेकलेली दोन माणसं, पैसा पोत्याने, आणि एकमेकांशी बोलणं शून्य.

*

त्याच ऑक्टोबरमध्ये मी तीन महिन्यांच्या ऑनसाइटवर लंडनमध्ये होतो. गिलमोरचे अल्बर्ट हॉलला कार्यक्रम होते, तिकिटं कधीच संपलेली. बऱ्याच वर्षांनी दादाला मेसेज टाकला : "दादा, मी लंडनमध्ये आहे." तासाभराने उत्तर आलं : "मंगळवार मोकळा ठेव. दोन तिकिटं आहेत. वहिनीला बाळामुळे जमत नाहीये."

स्टेशनवर भेटलो तेव्हा काय बोलावं दोघांनाही सुचेना. मग हवा, व्हिसा, कांद्याचे भाव. एकदाचे हॉलमध्ये जाऊन बसलो. 'विश यू वेअर हिअर' झालं, लोक हलले, मी ठीक होतो. उत्तरार्धात पियानोभोवती मेणबत्त्या लावून 'द ग्रेट गिग इन द स्काय' झालं. ती चाल रिक राइटची. आणि त्याला लागूनच गिलमोरने राइटच्या आठवणीत केलेलं 'अ बोट लाइज वेटिंग' सुरू केलं. साधं, हळू गाणं. त्याच हॉलमध्ये, मे २००६ मध्ये, याच गिलमोरच्या शेजारी राइट कीबोर्ड वाजवत बसला होता. ती डीव्हीडी दादाच्या त्या फोल्डरमध्ये होती, मी ती पाठ केलेली. त्यामुळे माझी नजर नकळत राइट बसायचा तिकडे गेली. तिथे दुसरं कुणीतरी होतं, अर्थातच.

तेवढंच. मोठा सोलो नाही, लेझर नाही. तिथेच बांध फुटला. दादाने माझ्याकडे न बघता खांद्यावर हात ठेवला. २००७ साली त्याला कुणी मारलं होतं ते मला कळलं.

अल्बर्ट हॉलमधून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे केन्सिंग्टन गार्डन्स आणि त्याला लागूनच हाइड पार्क. आम्ही कुंपणाच्या कडेने चालत राहिलो. थंडी मरणाची. मी म्हटलं, "दादा, दोन लाख माणसं इथेच उभी होती." तो "हं" म्हणाला. बराच वेळ चालल्यावर त्याने विचारलं, "काकांची शुगर कशी आहे?" तो आपल्या वडिलांना 'बाबा' म्हणतो, 'काका' म्हणजे माझे बाबा. पंधरा वर्षांत त्यांच्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिथे दिव्याखाली दोघांचा एक फोटो काढला. रात्री धीर करून बाबांना पाठवला, खाली काही लिहिलं नाही. निळ्या टिका लगेच दिसल्या. उत्तर दोन दिवसांनी आलं : "फोटो चांगला आहे. पोरगा बारीक झालाय. त्याच्या बाबांना पाठवला का?"

मी गेल्डॉफ नाही. कोर्टातली केस अजून चालूच आहे, पुढची तारीख जूनची. माझे बाबा बासष्ट वर्षांचे, काका सहासष्टचे. वाईच्या घराला अंगण आहे, चार माणसं सहज बसतील एवढं. मला पूर्ण कॉन्सर्ट नको आहे. पंचवीस मिनिटं चालतील.

असो. चहा गार झाला, आता थांबतो.